एकच रिव्हॉल्व्हर, सगळी काडतुसं, बारा बार: हे का जमत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ह्यूस्टनच्या गन शोमध्ये तुम्हाला एक जुनं रिव्हॉल्व्हर दिसलं. विकणारा म्हणाला की .३८० पासून .३५७ मॅग्नमपर्यंत (हे आकडे म्हणजे ढोबळमानाने गोळीची जाडी, इंचात) पंचवीस प्रकारची काडतुसं यात चालतात. पुढच्याच टेबलावर आठबारी .३५७ होतं. या दोन कल्पना एकत्र करून दहा-बारा बारांचं, हाती येईल ते काडतूस चालणारं रिव्हॉल्व्हर कोणी का काढत नाही, असं तुम्ही विचारताय. आणि एकच घ्यायचं असेल तर ते पंचवीसवालं घ्यावं का, हेही.

मी टूलरूममध्ये शिकलेला माणूस, मूळचा चिंचवडचा. बरीच वर्षं इकडे ओहायोत गनस्मिथचं काम करतो आणि त्यातलं निम्म्याहून जास्त काम रिव्हॉल्व्हरचंच असतं. तेव्हा उत्तर कारागिराच्या बाजूने देतो. संग्राहक कदाचित वेगळं सांगतील.

तुमच्या एका प्रश्नात खरं तर दोन प्रश्न गुंतलेत. किती बार बसतील, हा सिलिंडरच्या, म्हणजे काडतुसं ठेवायच्या फिरत्या दंडगोलाच्या, बाहेरच्या मापाचा प्रश्न. किती जातींची काडतुसं चालतील, हा चेंबरच्या, म्हणजे सिलिंडरमधल्या एकेका काडतुसाच्या भोकाच्या, आतल्या मापाचा. दोन्हींची उत्तरं त्याच पोलादातून काढायची असतात. आजवर ज्यांनी काही वेगळं केलं त्यांना ते कुठेतरी फेडावं लागलंय: कोणाला वजनात, कोणाला अचूकतेत, कोणाला रिकाम्या पुंगळ्या (काडतुसाची पितळी नळकांडी) बाहेर काढताना. विचित्र डिझाइन हातात आलं की यानं किंमत कुठे मोजलीय, हे मी आधी शोधतो. बहुतेक वेळा ते पाच मिनिटांत सापडतं.

घ्यावं की नाही हे मात्र बऱ्याच गोष्टींवर ठरेल. तुम्ही महिन्याला किती काडतुसं उडवता, घरात आधीच कोणती आहेत, हात केवढा आहे, राज्याचा कायदा काय म्हणतो. हे तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून शेवटी दोन-तीन शक्यता धरून बोलतो.

आधी बारांचा हिशेब. .३५७ च्या पुंगळीच्या बुडाची कड सुमारे ११.२ मिमी रुंद असते. शेजारच्या दोन कडा एकमेकींवर चढता कामा नयेत, म्हणून शेजारच्या चेंबरांच्या मध्यबिंदूंत निदान तेवढं अंतर हवंच. चेंबरचा व्यास ९.६५ मिमी धरा आणि बाहेरच्या बाजूला २ मिमी भिंत ठेवा. शाळेतल्या त्रिकोणमितीने हिशेब केला तर सहा चेंबरांसाठी सिलिंडर ३६ मिमीचा येतो, सातांसाठी साडेएकोणचाळीसचा आणि आठांसाठी ४३ चा. आता स्मिथ अँड वेसन कंपनीच्या फ्रेम, म्हणजे रिव्हॉल्व्हरचे सांगाडे, मोजून पाहा. सहाबारी के फ्रेमचा सिलिंडर ३६.८ मिमीच्या आसपास. एल फ्रेमचा ३९.६, आणि त्यात सातबारी ६८६ प्लस बसतं. एन फ्रेमचा ४३, त्यात आठबारी ६२७. म्हणजे त्या कंपनीने कुठे जादू केलेली नाही. पूर्वी .४४ मॅग्नमसारख्या जाड काडतुसांसाठी जी मोठी फ्रेम होती, तिच्यात .३५७ ची जास्तीत जास्त जेवढी भोकं बसतात तेवढी पाडली, एवढंच.

हाच हिशेब बारा चेंबरांसाठी केला तर सिलिंडर ५७ मिमीचा होतो. खिशाचं सोडा, मोठ्या पंजाच्या माणसालाही ते कमरेला वागवणं जड जाईल. त्याहून मोठी अडचण वेगळीच आहे. चेंबरांचं वर्तुळ जितकं मोठं, तितकी नळी सिलिंडरच्या आसापासून वर जाते. सहाबारीत हे अंतर ११ मिमीच्या आसपास असतं, बाराबारीत साडेएकवीसच्या पुढे जाईल. नळी मुठीच्या जितकी वर, तितकं तोंड बार निघताना जास्त उसळतं. शिवाय एवढा जड सिलिंडर दर बाराला फिरवून नेमका थांबवायचा, तो भार आतल्या नाजूक भागांवर येतो. बार दुप्पट झाले, पण पहिल्यानंतरचा दुसरा बार नेमावर मारायला वेळही जास्त लागायला लागला.

काडतूस बारीक असेल तर गोष्ट सोपी होते. .२२ च्या पुंगळीची कड जेमतेम ७ मिमी, म्हणून त्याच के फ्रेममध्ये ६१७ हे दहाबारी मॉडेल आरामात बसतं. रुगरचं सिंगल-टेनही दहाबारी आहे, आणि नऊबारी .२२ रिव्हॉल्व्हर अमेरिकेत कित्येक दशकं विकली गेली. रशियाच्या १८९५ च्या नागांत रिव्हॉल्व्हरमध्ये सात बार मावले, त्याचंही एक कारण ७.६२ मिमीची बारीक गोळी हे आहे.

जास्त बारांची दुसरी किंमत टायमिंगमध्ये, म्हणजे घोडा पडताना चेंबर नळीशी नेमकं जुळण्यात, मोजावी लागते. चाप ओढला की पॉल हा छोटा भाग सिलिंडरमागच्या दातेरी चक्राचा, म्हणजे रॅचेटचा, एक दात ढकलतो आणि सिलिंडर एक घर पुढे जातो. सहाबारीत हे घर ६० अंशांचं, आठबारीत ४५ चं, बाराबारीत ३० चं. घर लहान म्हणजे रॅचेटचे दातही लहान, आणि तेवढ्याच झिजेने बिघडणारं प्रमाण मोठं. माझ्याकडे आठबारी रिव्हॉल्व्हरं येतात ती बहुतेक स्पर्धेत खेळणाऱ्यांची असतात. तक्रार ठरलेली असते: बार करताना शेजारच्या माणसाच्या गालावर शिशाचे कण उडतात. चेंबर नळीशी पुरतं जुळायच्या आत घोडा पडतो आणि गोळीची एक बाजू नळीच्या तोंडाशी तासली जाते. अशा वेळी नवा पॉल बसवून टायमिंग पुन्हा जुळवावं लागतं. ते काम सहाबारीतही असतंच, पण आठबारीत ते करताना चूक खपत नाही.

सम आणि विषम आकड्यांतही एक गंमत आहे. सिलिंडर थांबवणारी खीळ फ्रेमच्या तळाशी नेमकी मध्यावर ठेवली, तर सम संख्येच्या सिलिंडरमध्ये तिची खोबण चेंबरच्या पाठीवर, म्हणजे भिंत सर्वांत पातळ असते तिथेच पडते. पाच-सात-नऊ चेंबरं असतील तर खोबण दोन चेंबरांच्या मधल्या जाड भागावर येते. काही कारखाने खीळ बाजूला सरकवून समसंख्येतही हे साधतात. छोट्या पाचबारी फ्रेमने जोरदार काडतुसं झेलण्यामागे हीदेखील एक गोष्ट आहे.

एकोणिसाव्या शतकातल्या लोकांना हे सगळं कळत नव्हतं असं समजू नका. चांगलं कळत होतं, म्हणून तर त्यांनी व्यास न वाढवता बार वाढवायच्या वाटा शोधल्या. जॉन वॉल्शने १८५९ मध्ये अमेरिकेत पेटंट घेतलं, त्यात एका चेंबरमध्ये एकापुढे एक असे दोन बार ठासलेले असायचे. सहा चेंबरांत बारा बार, आणि खिशातल्या .३१ च्या मॉडेलमध्ये पाच चेंबरांत दहा. घोडे दोन: एक पुढचा बार पेटवायचा, एक मागचा. पुढच्या दारूपर्यंत ठिणगी पोचवायला चेंबरच्या भिंतीतून लांब वाट काढलेली असे. यात सगळा भरवसा मधल्या गोळीवर आणि बोळ्यावर. पुढचा बार निघताना आग मागे झिरपली की दोन्ही एकदम सुटणार. आधी मागचा घोडा पडला तरीही तेच. बार दुप्पट करायची याहून स्वस्त युक्ती नव्हती आणि याहून भीतिदायकही नव्हती.

फ्रान्स-बेल्जियमकडे पिन-फायर (बाजूला खिळा असलेल्या) काडतुसांच्या जमान्यात वीसबारी रिव्हॉल्व्हरं निघाली. त्यांत चेंबरांची दोन वर्तुळं, एक आत आणि एक बाहेर, आणि त्यांच्यासाठी वर-खाली दोन नळ्या. कल्पना निर्दोष आहे, पण सिलिंडर एवढा मोठा की हत्यार हातात धरल्यावर तोल पुढे जातो. आणि १८५५ मध्ये जोसेफ एनूई नावाच्या इंग्रजाने तर कळसच केला. नळीखाली पाळण्यासारखं फिरणारं चाक, त्या चाकावर आठ सिलिंडर, प्रत्येकात सहा बार: एकूण ४८. याला हत्यार म्हणायचं की जत्रेतलं खेळणं, हे तुम्हीच ठरवा. भरायलाच निम्मी सकाळ जात असेल.

या सगळ्यांत मला खरोखर पटतो तो ल मा. झां अलेक्झांद्र ल मा हा न्यू ऑर्लीन्समधला फ्रेंच डॉक्टर. त्याने १८५६ मध्ये पेटंट घेतलं. त्याच्या रिव्हॉल्व्हरमध्ये .४२ ची नऊ चेंबरं आहेत. वरचाच हिशेब इथे लावा. नऊ जाड चेंबरं एका वर्तुळात मांडली की सिलिंडरच्या मधोमध मोठा पोकळ भाग उरतो. एरवी तिथे बोटाएवढ्या जाडीचा आस असतो आणि बाकीचं पोलाद नुसतं वजन म्हणून वाहिलं जातं. ल माने त्या जागी दुसरी नळीच बसवली. छर्ऱ्यांची, आतून गुळगुळीत, .६० इंचाहून थोडी मोठी. सिलिंडर तिच्याभोवतीच फिरतो. घोड्याच्या टोकाला एक हलणारा भाग आहे. तो वर ठेवला तर घोडा सिलिंडरमधला बार काढतो, खाली ढकलला तर मधली नळी सुटते. नऊ गोळ्या आणि वर छर्ऱ्यांचा एक बार. जास्त बारांसाठी व्यास वाढवणं भाग पडलं, तर त्या वाढीव व्यासाचंच त्याने काम करून घेतलं. इतकं नेटकं उत्तर त्यानंतर फार थोड्यांना सुचलं.

तरीही ते सर्वत्र का पसरलं नाही? जनरल बोरगार्ड हा ल माचा नातलग, त्याच्या पाठबळावर अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेकडच्या कॉन्फेडरेट सैन्यासाठी ही रिव्हॉल्व्हरं युरोपात बनली आणि उत्तरेची नाकेबंदी चुकवून समुद्रापार आणली गेली. जेब स्टुअर्टसारख्या घोडदळाच्या सेनापतीकडेही होती. पण एकूण बनली ती सुमारे २,९००. रिकामं असताना वजन १.४ किलोच्या आसपास. आणि सैन्यात गोळ्या असायच्या .३६ च्या किंवा .४४ च्या. .४२ ची गोळी कोण पुरवणार? तुमच्या प्रश्नाशी याचा थेट संबंध आहे. हत्यार कितीही हुशार असलं तरी त्याचं काडतूस दुकानात मिळालं नाही तर ते भिंतीवरच टांगायचं.

आता दुसरा प्रश्न, वेगवेगळ्या काडतुसांचा. चेंबरमध्ये काडतूस तीन ठिकाणी जुळावं लागतं. बूड मागे कशावर तरी टेकलं पाहिजे, नाहीतर घोडा आपटला की काडतूस पुढे सरकतं आणि कॅप (दारू पेटवणारा भाग) फुटत नाही. पुंगळीच्या भिंतीला चेंबरने सगळीकडून आधार दिला पाहिजे, नाहीतर दाबाने ती फुगते. आणि गोळीची जाडी नळीच्या आट्यांशी, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या पिळदार खाचांशी, जुळली पाहिजे, नाहीतर नेम गेला.

या तिन्ही अटी सहज पाळणारी एक जुनी वाट आहे: बुडाची कड सारखी आणि लांबी कमी-जास्त अशी काडतुसांची कुटुंबं. .३८ स्पेशलची पुंगळी २९.३ मिमी लांब, १९३५ मध्ये आलेल्या .३५७ ची ३२.८ मिमी. बाकी जाडी तीच. थोरल्याचा शर्ट धाकट्याला होतो, धाकट्याचा थोरल्याला नाही. मुद्दाम पुंगळी लांब केली ती याचसाठी, की दुप्पट दाबाचं .३५७ जुन्या .३८ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये जाऊच नये. याहून मोठं कुटुंब .३२ चं. रुगरने काढलेल्या .३२७ फेडरलच्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३२ एच अँड आर मॅग्नम, .३२ स्मिथ अँड वेसन लाँग आणि जुनं छोटं .३२ ही तिन्ही चालतात. लाँगचा कमाल दाब १५,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड), .३२७ चा ४५,०००. एकाच चेंबरमध्ये एवढा पल्ला मिळतो आणि एकही सुटा भाग लागत नाही.

यात माझ्याकडे येणारं काम एकच. चेंबरमध्ये धाकटी काडतुसं फार उडवली की त्यांच्या तोंडापाशी काजळीचं कडं जमतं. मग एक दिवस थोरलं काडतूस घातलं की ते अर्ध्यावर अडकतं किंवा रिकामी पुंगळी निघता निघत नाही. लोक हातोडी घेऊन येतात. हातोडी नको, पितळी ब्रश आणि सॉल्व्हंट पुरतं.

दुसरी वाट म्हणजे सिलिंडरच बदलायचा. रुगरचं सिंगल-सिक्स .२२ लाँग रायफल आणि .२२ मॅग्नम असे दोन सिलिंडर घेऊन येतं. ब्लॅकहॉक .३५७ बरोबर ९ मिमीचा, किंवा .४५ कोल्टबरोबर .४५ एसीपीचा. प्रामाणिक तडजोड आहे ही, कारण चेंबर प्रत्येक काडतुसासाठी नेमकं कापलेलं असतं. तडजोड फक्त नळीत होते. उदाहरणार्थ सिंगल-सिक्सची नळी मॅग्नमच्या किंचित जाड गोळीला धरून असते, म्हणून साध्या .२२ चा नेम एखाद्या निव्वळ .२२ रिव्हॉल्व्हरइतका घट्ट येईलच असं नाही. दोन्ही सिलिंडर त्याच हत्याराला जुळवून दिलेले असतात. जुनं घेताना दुसरा सिलिंडर त्याचाच आहे ना, हे त्यावर कोरलेल्या नंबराच्या शेवटच्या आकड्यांवरून पाहा. दुसऱ्याच्या हत्यारातला सिलिंडर आणून घालणारे भेटतात, आणि मग टायमिंग बिघडलं म्हणून माझ्याकडे येतात.

खरी कटकट पिस्तुलाच्या काडतुसांची. त्यांच्या बुडाला बाहेर आलेली कड नसते, त्यामुळे रिव्हॉल्व्हरच्या एक्स्ट्रॅक्टरला (रिकाम्या पुंगळ्या बाहेर काढणाऱ्या भागाला) धरायला काही सापडत नाही. पहिल्या महायुद्धात अमेरिकेला एम १९११ पिस्तुलं पुरेनात, म्हणून कोल्ट आणि स्मिथ अँड वेसनने .४५ एसीपी घेणारी एम १९१७ रिव्हॉल्व्हरं काढली आणि तीन-तीन काडतुसं धरणाऱ्या अर्धचंद्राकृती पत्र्याच्या क्लिपा दिल्या. पहिल्या पहिल्या कोल्टमध्ये तर चेंबर आरपार सारखंच होतं, क्लिप नसली तर काडतूस टेकायलाही जागा नव्हती. त्याच्याही आधी वेब्ली-फॉस्बेरीच्या आठबारी .३८ ला आठही काडतुसं एकत्र धरणारी गोल क्लिप होती. फॉस्बेरी म्हणजे वायव्य सरहद्दीवरच्या १८६३ च्या उंबेला मोहिमेत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेला बंगाल आर्मीतला अधिकारी. स्पर्धेतले लोक आजही पूर्ण गोल क्लिपच वापरतात, कारण आठ काडतुसं एका झटक्यात आत जातात आणि एका झटक्यात बाहेर येतात. वाकडी क्लिप मात्र टाकून द्यायची. ती सिलिंडरला घासते आणि माणूस उगाच हत्याराला दोष देतो.

तुम्ही पाहिलेलं बहुधा मेडुसा मॉडेल ४७. टेक्सासमधल्या हंट्सव्हिलच्या फिलिप्स अँड रॉजर्स कंपनीने १९९० च्या दशकात काढलेलं, सहाबारी. त्यात क्लिपा नाहीत. एक्स्ट्रॅक्टरमध्येच स्प्रिंगवरची छोटी बोटं आहेत. कडेचं काडतूस असो की बिनकडेचं, बोटं त्याला धरतात आणि नेमक्या खोलीवर अडवून ठेवतात. टेकण्याचा प्रश्न असा सुटला, आणि सुटला तो चांगलाच. पण भिंतीचं काय? ९ मिमीच्या पुंगळीचं बूड .३९१ इंच, .३५७ चं .३७९, .३८० चं .३७४. चेंबरचा मागचा भाग ९ मिमी जाईल एवढा मोकळा ठेवला, की .३५७ ला बुडापाशी ०.३ मिमी मोकळीक उरते. टूलरूममध्ये काम केलेल्याला ०.३ मिमी म्हणजे केवढी दरी ते सांगायला नको. ३५,००० पीएसआयला पितळ त्या दरीत फुगणारच. हत्यार फुटत नाही, पण पुंगळी पुन्हा भरून वापरणाऱ्यांना ती लवकर टाकावी लागते. गोळीची जाडीही .३५५ विरुद्ध .३५७. नळी एकीलाच नेमकी बसणार, दुसरीला ‘चालतंय’. म्हणजे मेडुसाने टेकण्याचं गणित सोडवलं आणि किंमत भिंतीत व नळीत मोजली.

स्मिथ अँड वेसनने १९६१ मध्ये काढलेलं मॉडेल ५३ याच जातीचं, फक्त उलट बाजूने गेलेलं. .२२ रेमिंग्टन जेट हे .३५७ ची पुंगळी पुढे निमुळती करून बनवलेलं वेगवान काडतूस. साधं .२२ त्यात चालावं म्हणून प्रत्येक चेंबरमध्ये घालायच्या सहा नळ्या दिलेल्या असत. .२२ ची कॅप कडेत असते, जेटची मध्यावर. म्हणून फायरिंग पिना दोन, आणि त्यांतली कोणती निवडायची यासाठी घोड्यावर छोटी कळ. कारागिरी बघण्यासारखी आहे. पण निमुळती पुंगळी बार होताना मागे रेटली जाते, आणि चेंबरला तेलाचा अंश राहिला असेल तर ती मागच्या भिंतीवर दाबून बसते. सिलिंडर जाम. १९७४ मध्ये मॉडेल बंद झालं.

टॉरस जज आणि स्मिथ अँड वेसन गव्हर्नर यांच्याबद्दल फार बोलत नाही. .४१० च्या छर्ऱ्यांचं अडीच इंची काडतूस मावेल एवढा लांब सिलिंडर, आणि त्यातच .४५ कोल्ट. .४५ ची गोळी नळीत शिरण्याआधी बरीच वाट आधाराविना जाते. छर्रे आट्यांमुळे गरगरत बाहेर पडतात आणि विस्कटतात. आटे काढले तर केंद्राचा कायदा वेगळा लागतो, म्हणून आटे ठेवावे लागतात. कॅलिफोर्नियात जज तर चालतच नाही, तिथे ते आखूड शॉटगनमध्ये मोजतात. साप मारायला ठीक.

आणि तुम्ही म्हणता तशा दोन्ही गोष्टी एकदम करून दाखवणारा एक माणूस होऊन गेला आहे: डेव्हिड डार्डिक. कनेक्टिकटमधल्या त्याच्या कंपनीने १९५८ च्या सुमारास ११ बारांचं मॉडेल ११०० आणि १५ बारांचं मॉडेल १५०० काढलं. त्याने सिलिंडरमध्ये भोकं पाडलीच नाहीत, बाजूने उघड्या तीन खाचा ठेवल्या. मुठीतल्या मॅगझिनमधून काडतूस खाचेत येतं, सिलिंडर फिरून ते वर नेतो, आणि बार होताना फ्रेमचा वरचा भाग चेंबरची तिसरी भिंत बनतो. यासाठी काडतूस गोल चालत नाही. त्याने फुगीर बाजूंचं तिकोनी, प्लॅस्टिकच्या पुंगळीचं काडतूस बनवलं. बाहेरचा आकार एकच, आत गोळी .२२ ची असो, .३० ची असो की .३८ ची. फक्त नळी बदलायची. साधं .३८ स्पेशलही प्लॅस्टिकच्या आवरणात घालून चालवता यायचं. सिलिंडर लहान, बार पंधरा, कॅलिबर तीन. कागदावर तुमचा प्रश्न १९५८ मध्येच सुटला होता! पण ती तिकोनी काडतुसं त्याच्याशिवाय कोणी बनवत नव्हतं. काही वर्षांत कंपनी गुंडाळली. ल माच्या .४२ चीच गत झाली.

भारतातलेही वाचक असतील म्हणून एक सूचना. कानपूरची निर्भीक आणि तिची भावंडं घेतात ते .३२ स्मिथ अँड वेसन लाँग. आपल्याकडे ते आणि पिस्तुलाचं .३२ एसीपी, दोन्हींना ‘बत्तीस बोअर’ किंवा ‘७.६५’ म्हणतात, आणि पिस्तुलाचं काडतूस रिव्हॉल्व्हरच्या चेंबरमध्ये शिरतंसुद्धा. बसलं म्हणजे चाललं असं नाही. लाँगचा कमाल दाब १५,००० पीएसआय, एसीपीचा २०,५००. खोक्यावरचं आणि बुडावरचं नाव वाचूनच भरा. आणि चेंबर वाढवून देतो म्हणणाऱ्या कारागिराच्या नादी लागू नका. हत्यारात असे बदल करणं १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली थेट तुरुंगाची गोष्ट आहे.

आता तुमच्यापुरतं. तुम्ही मुख्यतः स्वस्तात सराव करायला ९ मिमी उडवणार असाल, तर सरळ ९ मिमीचं रिव्हॉल्व्हर आणि डझनभर क्लिपा घ्या, किंवा दोन सिलिंडरांचं ब्लॅकहॉक. एकाच हत्यारात हलकी-जड काडतुसं हवी असतील तर सातबारी .३५७ हे मला सर्वांत समतोल वाटतं. हात लहान असेल किंवा घरात आणखी कोणी वापरणार असेल तर .३२७. आठबारी एन फ्रेम स्पर्धेसाठी उत्तम, पण ती सव्वा किलोच्या घरातली आहे, आधी हातात घेऊन बघा.

मेडुसा घ्या, पण संग्रहासाठी. रोज वापरायला नको. बनवणारी कंपनी आता नाही. एक्स्ट्रॅक्टरमधलं एखादं बोट किंवा स्प्रिंग गेली तर सुटा भाग मिळणं अवघड, घडवून घ्यावा लागेल, आणि ते काम घ्यायला मी स्वतःही चटकन तयार होणार नाही. घेणारच असाल तर पैसे देण्याआधी हत्यार रिकामं असल्याची खात्री करून सिलिंडर उघडा आणि सहाही जागी बोटं दाबून बघा, सगळी सारखीच परत उसळली पाहिजेत. घोडा सावकाश ओढत प्रत्येक चेंबरला खीळ घोडा अडकायच्या आत पडते का ते ऐका. सिलिंडर आणि नळी यांतली फट फीलर गेजने मोजा: ०.१ ते ०.२ मिमी ठीक, त्याहून जास्त असेल तर भाव पाडा. मग विकणाऱ्याकडे ९ मिमीच्या आणि .३५७ च्या, त्याच हत्यारातून उडवलेल्या रिकाम्या पुंगळ्या मागा. ९ मिमीच्या कॅपवर घाव मध्यावर आणि पुरेसा खोल हवा. .३५७ च्या बुडापाशी नखाने चाचपा. नखाला फुगवटा जाणवेलच, तो एकाच बाजूला असेल तर घेऊ नका.